मुरबाड-शहापूरचे दुभते आणि पान्ह्याचे शास्त्र

मुरबाड आणि शहापूर हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, सह्याद्रीच्या कड्याला टेकलेले दोन तालुके. त्यांतील दुभत्या जनावरांचा इतिहास पाहू गेल्यास तो दुधापासून सुरू होत नाही, शेणापासून आणि नांगरापासून सुरू होतो. शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडांच्या छाटलेल्या फांद्या यांचे थर पसरून भाताच्या रोपांची जागा उन्हाळ्यात भाजण्याची, म्हणजेच राब भाजण्याची, जी रीत या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिला गोठ्यातील शेणावाचून चालत नसे. जंगले राखीव झाल्यावर राबाच्या हक्कांवरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की, इंग्रज सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमून त्याची चौकशी करावी लागली. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेत हजारोंनी गाई दिल्याची नोंद आहे खरी, परंतु ती राजघराण्याची दाने होत. घाटाखालच्या कुळवाड्याची गाय नांगराला बैल देण्यासाठी आणि राबाला शेण देण्यासाठी दावणीला असे, आणि दूध ही तिच्यापासून होणारी तिसरी, बरीचशी दुय्यम प्राप्ती होती.

याला या मुलखातील गुरांची जातही कारणीभूत होती. इगतपुरी, अकोले आणि त्यांच्या खालच्या कोकणपट्टीत मुसळधार पावसात काम करणारी डांगी जात प्रसिद्ध आहे. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरत असल्याने पाणी अंगावरून निथळून जाते, खूर काळे आणि टणक असतात, आणि चिखलणीच्या दिवसांत तिचे बैल भातखाचरात दिवसभर टिकतात. कानडी, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांनी सांभाळलेली ही गाय दिवसाकाठी जेमतेम एक-दोन लिटर दूध देते आणि त्यातील मोठा वाटा तिच्या वासराच्या पोटात जातो, कारण वासरू नीट वाढले तरच तीन-चार वर्षांनी त्याचा बैल होणार असतो.

या व्यवस्थेत धार काढण्याचा क्रम ठरलेला होता, आणि तो आजही पुष्कळ वाड्यापाड्यांवर तसाच दिसतो. पहाटे वासराचे दावे सोडले की ते थेट कासेला भिडते, सडांना ओढ देते, डोक्याने ढुशा देते. मिनिटा-दोन मिनिटांत कास ताठ होते, सडांतून दूध ठिबकू लागते आणि गाय मान वळवून वासराला चाटू लागते. यालाच पान्हा फुटणे म्हणतात. मग वासराला ओढून गाईच्या पुढच्या पायाशी, तिच्या जिभेच्या टप्प्यात बांधतात, दोन किंवा तीन सडांचे दूध चरवीत काढतात आणि उरलेले वासराला सोडतात. परका माणूस धारेला बसला, कुत्रे अंगावर आले किंवा वासरू दृष्टीआड गेले की गाय पान्हा चोरते, म्हणजे कास भरलेली असूनही दूध उतरू देत नाही. वासरू मेल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवण्याची किंवा आंबोणाचे घमेले तोंडाशी ठेवून तिचे मन रमवण्याची रीत देशभरच्या गुराख्यांत आढळते. या सगळ्या कृतींमागे एकच अनुभव होता: दूध कासेत असले तरी ते बाहेर यायचे की नाही, हे कासेच्या हातात नसते.

ते कोणाच्या हातात असते, हे शरीरक्रियाशास्त्राला विसाव्या शतकात उमगले. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस, नावाचा लहानसा भाग असतो आणि त्याला देठाने लोंबकळणारी पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्यूटरी, असते. भूक, तहान आणि शरीराचे तापमान अधश्चेतक सांभाळते, आणि वाढ, माज, गर्भधारणा व दूध यांवरील त्याचे नियंत्रण या ग्रंथीमार्फत चालते. हे नियंत्रण ज्या रासायनिक द्रव्यांनी होते त्यांना संप्रेरके म्हणतात. एका ठिकाणी तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत पोचणारी आणि त्याला कामाला लावणारी ही द्रव्ये होत. पीयूषिकेचे दोन खंड असून त्यांची मेंदूशी असलेली जोडणी अगदी वेगवेगळी आहे. पुढच्या खंडाला अधश्चेतकाकडून बारीक रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यातून रासायनिक आज्ञा येतात आणि त्यानुसार तो स्वतःची संप्रेरके सोडतो. कासेत दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन त्यांपैकीच एक. मागचा खंड मात्र स्वतः काहीच तयार करत नाही. अधश्चेतकातील चेतापेशीच ऑक्सिटोसिन हे संप्रेरक घडवतात, आपल्या लांब तंतूंमधून ते मागच्या खंडापर्यंत पोचवतात आणि तेथे ते साठून राहते.

वासराने सड ओढला की त्या स्पर्शाची वार्ता मज्जारज्जूतून अधश्चेतकाला जाते, मागच्या खंडातून ऑक्सिटोसिन रक्तात सुटते आणि कासेतील दुधाच्या सूक्ष्म पोकळ्यांभोवती जाळ्यासारख्या पसरलेल्या स्नायुसदृश पेशींना आकुंचित करते, त्यामुळे दूध दाबले जाऊन नळ्यांमधून सडाकडे येते. गाईच्या कासेतील सुमारे चार पंचमांश दूध या सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेले असते आणि सडाच्या वरच्या कोठीत फक्त उरलेला हिस्सा असतो. म्हशीच्या बाबतीत तर कोठीतील हिस्सा सुमारे पाच टक्केच भरतो. म्हणजे पान्हा न फुटल्यास गाईचे थोडेफार दूध तरी हाती लागेल, म्हशीचे जवळपास काहीच लागणार नाही. शिवाय रक्तातील ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरते, म्हणून पान्हा फुटल्यावर धार भराभर काढावी लागते. पान्हा आला की हात थांबू देऊ नये, ही गोठ्यातली शिकवण या दृष्टीने अगदी अचूक आहे.

हे ज्ञान तुकड्यातुकड्यांनी जुळत गेले. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पीयूषिकेच्या मागच्या खंडाच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे दाखवले आणि १९१० मध्ये ऑट व स्कॉट यांनी त्याच अर्काने दूधही उतरते हे पाहिले. अर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशाच्या अधश्चेतकातील चेतापेशी ग्रंथींप्रमाणे स्राव करतात असे मांडले, तेव्हा ते अनेकांना पटले नाही, कारण चेतापेशीचे काम संदेश वाहण्याचे आणि स्रावाचे काम ग्रंथीचे, अशी विभागणी त्या काळी पक्की मानली जात होती. पुढे १९४९ मध्ये वोल्फगांग बार्गमान यांनी विशिष्ट रंगद्रव्याने हा स्राव अधश्चेतकापासून मागच्या खंडापर्यंत तंतूंमधून उतरताना दाखवला आणि शंका मिटली. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट दु विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असल्याचे निश्चित करून ते प्रयोगशाळेत तयारही केले, आणि त्याबद्दल त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सर्व संशोधनात गोठ्याच्या सर्वांत जवळचा प्रयोग अमेरिकेतील एली आणि पीटरसन यांचा होय. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि शेजारी कागदी पिशव्या फोडल्या. घाबरलेल्या गाईने दूध उतरू दिले नाही, आणि भीतीच्या वेळी शरीरात सुटणारे ॲड्रिनॅलिन टोचल्यावरही तेच झाले. पान्हा चोरणे ही जनावराची लबाडी नसून भ्यालेल्या शरीराची प्रतिक्रिया आहे, हे त्यामुळे प्रयोगाने सिद्ध झाले.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराच्या यात्रेत पौष पौर्णिमेपासून भरणारा जनावरांचा बाजार हा या भागातील पशुधनाच्या व्यवहाराचा जुना आणि मोठा मेळा आहे. ठाणे, रायगड, पुणे, नगर, नाशिक अशा जिल्ह्यांतून येथे मुख्यतः बैलांची खरेदी-विक्री होते, घोंगड्यांची दुकाने लागतात, दात पाहून वय आणि भोवरे पाहून गुणदोष ठरवले जातात. दुभत्या जनावराचा भाव मात्र वेतावर, म्हणजे ते कितव्यांदा व्याले यावर, आणि व्यायला किती दिवस झाले यावर ठरतो. पौष महिना पेंढा आणि गवत घरात भरल्यानंतरचा असल्याने शेतकऱ्याच्या सोयीचा. पण तो म्हशीच्या शरीराच्या पंचांगातही महत्त्वाचा आहे. म्हैस दिवस लहान होऊ लागले की माजावर येते, आणि तिचा गाभणकाळ सुमारे दहा महिने दहा दिवसांचा असल्याने पावसाळ्यात आणि त्यानंतर तिचे वेत धरलेले असते. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. रात्र लांबली की हा स्राव अधिक वेळ चालतो आणि त्यावरून अधश्चेतकाला ऋतू कळतो. मुरबाडच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो, म्हणजे फरक उत्तरेकडच्यापेक्षा कमी. त्यामुळे येथे हिरवा चारा आणि उन्हाची तीव्रता यांचाही वाटा मोठा असतो.

ऋतू ओळखल्यावर अधश्चेतक पीयूषिकेच्या पुढच्या खंडाला जी आज्ञा पाठवते, तिचे रसायन शोधणे ही विसाव्या शतकातील मोठ्या चिकाटीची गोष्ट होती. जॉफ्री हॅरिस यांनी या आज्ञा रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून उतरतात असे प्रतिपादन केले, आणि अँड्र्यू शॅली व रॉजर गिलमाँ यांच्या प्रतिस्पर्धी प्रयोगशाळांनी खाटीकखान्यांतून आणलेल्या लाखो डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या अधश्चेतकांमधून ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात वेगळी केली. दोघांना १९७७ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांपैकी माजाचे चक्र चालवणाऱ्या द्रव्याची कृत्रिम रूपे आज पशुवैद्यक मुका माज असलेल्या, म्हणजे बाह्य लक्षणे न दाखवणाऱ्या, म्हशींना टोचतात.

खेड्यातील व्यवस्थेत वासराला जागा होती. ती मोडली मुंबईच्या बाजाराने. लोहमार्ग १८५५ मध्ये कल्याणहून वासिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोचला आणि शहापूर तालुका मुंबईशी रुळांनी जोडला गेला. मुरबाडला रेल्वे मिळाली नाही, त्याचा माल बैलगाड्यांनी आणि पुढे मोटारींनी कल्याणला उतरत राहिला. आरंभी या भागातून मुंबईला गेले ते मुख्यतः गवत. पावसाळ्यानंतर माळांवरचे गवत कापून, वखारींत दाबून, गठड्या बांधून शहरातील घोड्यांसाठी आणि तबेल्यांतील म्हशींसाठी रवाना होई, आणि ते कापणारे हात बहुतांशी कातकरी, ठाकर, वारली आणि कोळी यांचे असत. दूध मागाहून गेले: कसारा, आसनगाव, वासिंद या स्थानकांवरून लोकलच्या डब्यात चढवलेल्या दुधाच्या कॅनांतून, आणि मुरबाडकडचे कल्याणमार्गे, जेथील एका वस्तीला दूधनाका असेच नाव आहे.

मुंबईतील तबेलेवाल्यांचा हिशेब खेड्यापेक्षा पूर्णपणे निराळा होता. जागा महाग, चारा विकतचा, आणि गिऱ्हाइकाला बारमाही दूध हवे. म्हणून गुजरात आणि उत्तर भारतातून नुकतीच व्यालेली म्हैस आणायची, आटेपर्यंत दुहायची आणि भाकड झाली की विकून टाकायची, मग ती बहुधा कत्तलखान्यातच जाई. या हिशेबात पारडू म्हणजे दिवसाला काही लिटर दुधाची तूट होती. नर रेडकू तर कोणत्याच कामाचे नसल्याने उपाशी ठेवून मरू दिले जाई, आणि येथेच या व्यापाराची गाठ म्हशीच्या मेंदूशी पडली, कारण पारडू काढून घेतले तरी पान्ह्यासाठी मेंदूला लागणारा स्पर्श, वास आणि स्वर काढून टाकता येत नव्हता. जिचे जवळजवळ सगळे दूध पान्ह्यावर अवलंबून, अशाच जनावरापुढून पारडू नाहीसे करणारा हा व्यवसाय म्हणून पान्ह्याला पर्याय शोधू लागला, आणि जे पर्याय त्याने वापरले ते क्रूर होते.

त्यांतील पहिला फुका. नळीने किंवा हाताने गाई-म्हशीच्या योनिमार्गात हवा भरून तो ताणला की दूध उतरते, हे फार जुने ज्ञान आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सिथियन लोक हाडाच्या नळ्यांनी घोड्यांच्या बाबतीत हाच प्रकार करत असल्याचे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. त्याचे कारण १९४१ मध्ये फर्ग्युसन यांच्या सशांवरील प्रयोगांतून उलगडले: जन्ममार्ग आणि गर्भाशयाचे मुख ताणले गेले की ती वार्ता अधश्चेतकाला पोचते आणि ऑक्सिटोसिन सुटते, जसे ते प्रसूतीच्या वेळी सुटते. म्हणजे फुका घालणारा गवळी जनावराच्या मेंदूला वेताचा भास देत होता, आणि तोही दिवसातून दोनदा, जखमा आणि जंतुसंसर्गाची पर्वा न करता. १८९० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने फुका शिक्षापात्र ठरवला, १९३८ मध्ये तरतुदी कडक केल्या गेल्या, तरी शहरी तबेल्यांतून तो चालतच राहिला. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध न घेण्याची शपथ घेतली त्यामागे या प्रकाराची माहिती हेही एक कारण होते. १९१८ च्या दीर्घ आजारानंतर माथेरानलाही प्रकृती सुधारेना, तेव्हा मुंबईत डॉ. दलाल यांचा सल्ला आणि कस्तुरबांचा युक्तिवाद मानून त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि शपथेचे शब्द पाळले पण तिचा आत्मा मोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नमूद केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई सरकारने शहरातील म्हशी बाहेर नेण्यासाठी गोरेगावजवळ आरे येथे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये उभारण्यास घेतली आणि दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ती नावारूपाला आणली. १९६३ च्या मॅगसेसे पुरस्कारात व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर तेही होते. म्हशींना मोकळी जागा, पाणी आणि वैद्यकीय देखरेख मिळाली, ही त्या योजनेची खरी कमाई. पारड्यांचा प्रश्न मात्र तिने सोडवला नाही, आणि शहराच्या वाढीबरोबर तबेले कल्याण-भिवंडीकडे सरकत ग्रामीण ठाण्याच्या उंबरठ्यावर आले.

दरम्यान दु विन्यो यांच्या शोधामुळे ऑक्सिटोसिन स्वस्तात तयार होऊ लागले आणि फुक्याची जागा सुईने घेतली. पारडू नसलेल्या म्हशीला धारेपूर्वी इंजेक्शन दिले की पान्हा उतरतो. पण रोज बाहेरून मिळणाऱ्या संप्रेरकाला जनावर सरावते आणि पुढे सुईवाचून दूध सोडेनासे होते. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमात फुका आणि त्याच जातीचा डूम देव या दोन प्रकारांना बंदी होती. १९८२ च्या दुरुस्तीने तीत जनावराच्या आरोग्यास अपायकारक अशा कोणत्याही द्रव्याचे इंजेक्शनही आले, आणि एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय जनावर सरकारजमा, अशी शिक्षा ठेवली गेली. अशा दुधाने मुली लवकर वयात येतात, असा जो समज शहरांत पसरला त्याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. नऊ अमिनो आम्लांची ही साखळी जठरात आणि आतड्यात पचून जाते. अन्याय झाला तो जनावरावर, आणि तेवढे कारण बंदीला पुरेसे होते.

त्या कारणासाठी योजलेला उपाय मात्र भलत्याच ठिकाणी लागला. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने ऑक्सिटोसिनचे खासगी उत्पादन थांबवून ते कर्नाटकातील एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित करण्याचे ठरवले, तेव्हा प्रसूतितज्ज्ञांनी धोक्याची सूचना दिली, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे पहिले औषध हेच आहे आणि जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक प्रसूतीत दहा एककांची मात्रा सुचवते. दोन ते आठ अंश तापमानात जपावे लागणारे हे औषध शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून पाड्यांजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत अखंड पोचणे, ही डोंगरी तालुक्यांतील मातांच्या जिवाची बाब होती. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे सोपवले.

मुरबाड-शहापूरच्या गोठ्यांत वासराची जागा आता वेगळ्याच कारणाने डळमळू लागली आहे. भाताची चिखलणी पॉवर टिलरने होऊ लागल्याने उद्याचा बैल म्हणून गोऱ्ह्याला असलेली किंमत उतरली, आणि २०१५ मध्ये राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून म्हातारे जनावर विकून नवे घेण्याचा जुना मार्गही अरुंद झाला. याच सुमारास सुमारे नव्वद टक्के माद्याच जन्माला घालणाऱ्या लिंगनिश्चित रेतमात्रा कृत्रिम रेतनासाठी मिळू लागल्या आहेत. कालवड किंवा वगार ही गोठ्याला हवीच असते, म्हणून तिला दूध पाजले जाते, आणि पाजताना तिच्या आईला पान्हाही फुटतो. त्यामुळे ज्या गोठ्यांत माद्या अधिक जन्मतील, तेथे सुईची गरजही कमी पडेल, अशी शक्यता या तंत्राने प्रथमच निर्माण केली आहे.